पट्ट्यांचं वजन

दादाने डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताने उचलून पियानोच्या पट्टीवर नेऊन ठेवली आणि उजवा हात मांडीवर परत घेतला.

"आता तिचं तिला बघू दे," तो म्हणाला.

छकुली श्वास रोखून शेजारी उभी होती. वय छप्पन्न, दोन सुनांची सासू, पण थोरल्या भावाच्या तोंडी अजून छकुलीच. दादाला अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. तीस वर्षं पियानो शिकवलेल्या माणसाने या आठ महिन्यांत पियानोचं नाव काढलं नव्हतं. फार गळ घातल्यावर तो या दुकानात यायला तयार झाला, तोही एका अटीवर. डावा हात चालला तर डिजिटल पियानो घ्यायचा. नाही चालला तर घरात पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही. आणि दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून तिने आदल्या दिवशीच दुकानदाराला गाठलं होतं. एक सेटिंग बदलली की पट्टी हळू दाबली तरी आवाज दणदणीत येतो, असं तो म्हणाला. "तेवढं कराच," ती म्हणाली होती.

करंगळी खाली गेली. खर्जातला सूर दुकानभर घुमला. मग दुसरा, मग तिसरा. छकुलीचे डोळे भरून आले.

"बघ! मी म्हणत नव्हते?"

दुकानदार छताचे दिवे मोजू लागला.

दादाने आवाजाचं बटण शून्यावर नेलं, डोळे मिटले आणि त्याच पट्ट्या पुन्हा दाबल्या. आता नुसती टकटक ऐकू येत होती, तीही अडखळत.

"बोट पट्टीला जेमतेम खाली नेतंय," तो म्हणाला, "आणि आवाज पहिलवानाचा. कुणाचा उद्योग हा?"

"माझा."

"का?"

"तू उठून गेला असतास, दादा. मला भीती वाटली."

आता हा कडाडणार, असं तिला वाटलं. त्याने फक्त दुकानदाराला सेटिंग होती तशी करायला सांगितली. मग त्याच पट्ट्यांतून जो आवाज निघाला, तो बंद दाराआड कुणी कुजबुजावं एवढाच होता.

"यातही खऱ्या पियानोसारख्या डावीकडच्या पट्ट्या जड केल्यात ना?" दादाने विचारलं.

"हो. उजवीकडे हलक्या होत जातात. सेटिंगने आवाज बदलतो, वजन बदलत नाही," दुकानदार म्हणाला. "सगळ्या हलक्या हव्या असतील तर तो कोपऱ्यातला बघा."

"तो घेऊ या का रे?" छकुलीने घाईघाईने विचारलं.

दादाने नकारार्थी मान हलवली आणि पियानोच्या कडेला धरून तो उठला. संपलं, असं वाटून तिने त्याची काठी पुढे केली. ती न घेता तो बाकाच्या उजव्या टोकाला जाऊन बसला, आणि डावा हात त्याने अगदी शेवटच्या पट्ट्यांवर ठेवला. बारीक सूर आला. लहानसा, पण अख्खा.

"हाच घेऊ. इथून सुरू करतो. महिन्याला एखादी पट्टी डावीकडे सरकेन."

"आणि डावीकडचं कोण वाजवणार?"

"तू. बस."

"मी? चाळीस वर्षांत हात लावला नाही मी!"

"बोटं चालतात ना? नसते उद्योग करण्यापेक्षा बरं."

ती बसली. अगदी डावीकडची पट्टी तिने एका बोटाने सावकाश दाबून पाहिली. पट्टी खाली जायला तयार नव्हती.

"अगं बाई, केवढी जड आहे रे!"

"आठ महिने हेच कुणाला सांगता येत नव्हतं," दादा म्हणाला, आणि तिची पट्टी पूर्ण खाली जाईपर्यंत थांबून राहिला.