दगडाखालचा तारामासा

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, खुद्द समुद्रानं येऊन साक्ष दिली तरी... अंगठ्याच्या नखाएवढा, हिरवट, पाठीवर कुणी तपकिरी चांदणी काढून ठेवल्यासारखा—आणि दगडाच्या ओल्या पोटाला पाचही बाहूंनी चिकटलेला. अझेनोरनं दगड डाव्या हातानं तोलून धरला होता, मनगट भरून आलं होतं, तरी ती कडेनं वाकून बघत राहिली. बाहूंच्या खालून नारिंगी दाणे डोकावत होते. अंडी. तारामासा अंड्यांवर बसला होता, की बसली होती म्हणायचं...

हा या किनाऱ्यावर नाहीच, असं केरव्हेला सर गेल्या वसंतात सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हाही तिनं तो पाहिला होता, पण परतली होती रिकाम्या हातानं, आणि जे बाटलीत नाही ते पाहिलेलंच नाही, असं म्हणून सर हसले, मग वर्ग हसला—ते हसू वर्षभर गमबुटात शिरलेल्या पाण्यासारखं तिच्यासोबत चालत राहिलं, पावलागणिक वाजत. आता बाटली खिशात होती, अल्कोहोलनं भरलेली. उन्हाळ्यात संशोधन केंद्रावर राहून काम करायला एकालाच मिळणार होतं, ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही असेल त्याला. चिमट्यानं उचलायचं, बाटलीत टाकायचं, त्यांच्यापुढे ठेवायचं. घ्या, सर. एवढंच म्हणायचं. तिनं याचा सराव केला होता—दात घासताना, आईच्या दुकानात लोणी तोलताना...

तिनं चिमटा टेकवला. तारामासा हलला नाही. निसटता आलं असतं त्याला, त्याच्या चालीनं का होईना. पण अंडी सोडायची नव्हती. उलट चिमट्याखालचा बाहू आणखी घट्ट झाला. एवढासा जीव आणि काय हा उद्धटपणा... अझेनोरला हसू फुटलं. देत नाहीस ना? बरं. मग मीही देत नाही.

तिनं दगड पुन्हा नीट बसवला, शेवाळाची बाजू वर—इथं तेवढं शेंबडं पोरही करतं. मग बाटलीतलं अल्कोहोल पार वर, कोरड्या वाळूत ओतून टाकलं.

पण सरांना सांगायचं काय? सापडला म्हटलं, तर पुढच्या ओहोटीला सगळा वर्ग इथले दगड उलथेपालथे करणार. नाही सापडला म्हणायला तिची जीभ वळणार नव्हती, मेली तरी. तिसरं काही नव्हतंच, आणि नसलं की ते बनवायचं, हे तिच्या रक्तातच होतं.

बांधाच्या पायथ्याशी सगळे कुट्टूच्या पिठाची गार धिरडी खात बसले होते. सर एकेकाचा ट्रे बघत आले, तिच्या रिकाम्या बाटलीशी थांबले. मग अझेनोर बोलू लागली. सापडला होता, सर, चिमट्यात होता, तोच एक सीगल आला, एका पायाचा, त्यानं तारामासा गिळला, वर बाटलीत चोच बुडवून अल्कोहोलही प्यायला, आणि उडाला तो असा झोकांड्या खात, की दीपस्तंभाला धडकता धडकता वाचला. सगळे हसले, पण या वेळी तिच्या बाजूनं, सरसुद्धा. कुठं सापडला, त्यांनी विचारलं. तिनं दूरच्या खडकांकडे बोट केलं, जिथं पाणी केव्हाच चढलं होतं. आत कुठंतरी काहीतरी नाचत होतं... जमलं. जमतंय.

मालो तिचा जोडीदार, बादली धरणारा. भला मुलगा, भलेपणानंच घात करणारा. तोंडातला घास गिळून तो म्हणाला, "सीगल आला असता तर तू दगड टाकून त्याच्या मागे धावली असतीस, अझेनोर. मी तुझ्या मागेच होतो की. तू तर दगड दोन्ही हातांनी निजवलास, बाळाला निजवतात तसा. आणि तो तिकडे नव्हताच मुळी."

हसणं थांबलं. सरांनी चष्मा काढला.

"कुठला दगड?"

आता लाज यायला हवी होती. अझेनोर तिची वाट पाहत राहिली... आली नाही. गेल्या वर्षी ज्या जागी लाज येऊन बसली होती, तिथं आज नुसतं मोकळं, वाऱ्याचं काहीतरी होतं, आणि सरांचा चेहरा पहिल्यांदाच तिला साधा, थकलेला, कुणाचाही असावा तसा दिसला. तो दगड होता त्या बाजूला तिनं चुकूनही पाहिलं नाही. धिरड्याचा मोठा घास घेतला, आणि सरांच्या डोळ्यांत बघत सावकाश, फार सावकाश चावत राहिली.