मिझुहोचा आवाज ऐकायचा रेडिओ

ओसाकाच्या बाईने घासाघीस न करता काही घेतलं, तर घरात तिला कोणी उभं करत नाही. त्यातून फुसाए किताहाता म्हणजे तीस वर्षं बटाट्याची कटलेटं तळून विकणारी बाई. निप्पोनबाशीतल्या रेडिओच्या दुकानात ती शिरली तीच बाह्या सरसावून!

“विमानवाले बोलतात ते ऐकू येणारा रेडिओ द्या. स्वस्तातला.”

त्सुजिमोतो दुकानदाराने पन्नास हजार येनचा पुढे केला.

“अहो, रेडिओ मागितला, विमान नाही! तो सहा हजाराचा काय वाईट आहे?”

“मावशी, विमानवाले एएमवर बोलतात, आणि हा पकडतो फक्त एफएम. घरी जाऊन नुसती खरखर ऐकाल आणि मला शिव्या घालाल.”

“शिव्या इथेच घालते की, घरी कशाला जायला हवं?”

दुकानदार हसला. फुसाएने पिशवीतली लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिची मुलगी मिझुहो सहवैमानिक होती. रविवारी जपानमधल्याच कोचीहून निघून ती पहिल्यांदाच आपल्या गावच्या, ओसाकाच्या इतामी विमानतळाच्या धावपट्टीवर उतरणार होती. चार वर्षांपूर्वी पोरीने हे काढलं, तेव्हा फुसाएनेच तोंडाचा पट्टा सोडला होता: “विमान चालवणं म्हणजे कटलेट तळणं नव्हे!” तेव्हापासून पोरगी घरी येई, जेवे, पण कामाबद्दल चकार शब्द काढत नसे; रविवारचं हे आणि विमानाचा नंबरही फुसाएला तिच्या मैत्रिणीकडून कळला होता. फुसाएला ते फार लागलं होतं. पोर तिथे वर कशी बोलते, ते एकदा कानांनी ऐकायचं होतं.

त्सुजिमोतोने आतून एक जुना रेडिओ आणला. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने बांधलेलं, पण एएम पक्कं. चौदा हजाराचा तो अकरावर आला, आणि विमानांशी बोलणाऱ्या इतामीच्या टॉवरचं स्टेशन त्याने फुकटात लावून दिलं.

रविवारी दुपारी फुसाए सेन्रिगावा नदीच्या बांधावर जाऊन उभी राहिली. विमानं इथे अगदी डोक्यावरून उतरतात. मुलीच्या विमानाचा नंबर तिने इंग्रजीत घोकून ठेवला होता. तीन वाजून पाच मिनिटांनी टॉवरने तोच पुकारला. फुसाएने रेडिओ कानाला लावला.

उत्तर आलं ते एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात. पुन्हा पुकारा झाला, पुन्हा तोच बाप्या!

“मेल्याने फसवलं मला!” तिचे डोळेच भरून आले. “अकरा हजाराला भलतंच काहीतरी गळ्यात मारलं!”

शेजारी दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या हामासाकी आजोबांनी काय झालं ते विचारून घेतलं आणि ते खो खो हसायलाच लागले.

“अहो बाई, रेडिओ ठणठणीत आहे. हा कॅप्टनचा आवाज. विमानात एकजण चालवतो, दुसरा बोलतो.”

“मग माझी पोर का बोलत नाही?”

“कारण विमान तिच्या हातात आहे!”

फुसाएने रेडिओ काखेत मारला. मग तिने वर पाहिलं. पंख्यांचं विमान वाऱ्याने जरा तिरकं होत समोरून येत होतं.

“अगो बाई! सावकाश गं, मिझुहो, सावकाश!”

विमान सरळ झालं, डोक्यावरून गेलं आणि चाकं अलगद टेकली.

“पाहिलंत? माझ्या पोरीने उतरवलं!” ती बांधावरच्या प्रत्येकाला धरून सांगत सुटली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी मिझुहो घरी आली. फुसाएने तिला दारातच गाठलं.

“वारा आडवा होता ना गं? कसं सावरलंस, सांग मला.”

मिझुहोने बॅग दारातच टाकली. मग बूटही न काढता तिथेच बोलायला लागली, ती ताटं गार झाली तरी थांबली नाही.