बंद घर

"ढोल्या, उतर की खाली! गाडी पुढे चढायची नाही," आत्या ओरडली.

जीपमधल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोणाला हाक मारतेय ही?"

"ड्रायव्हरला असेल," मोजणीदार म्हणाला. ड्रायव्हर काडीसारखा होता.

मोजणीदार याच टेकडीवर वाढला होता. ऑफिसात मात्र तो जन्मापासून शहरातला होता. डोंगरातल्या लोकांवरच्या विनोदांना तो सगळ्यांच्या आधी हसत असे. एकदोन तर त्यानेच रचले होते.

टेकडी कोणा एकाची नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या वस्तीची होती. आता तिचे तुकडे पाडून घराघराला वाटायचे होते, आणि ते विकत घ्यायला खाणवाले खाली रस्त्यावर थांबलेच होते. न्यायाचीही सोय होती: एका घराने जरी नाही म्हटलं, तरी वाटणी रद्द. त्यामुळे खाणवाल्यांची माणसं आधी घरोघर फिरून गेली होती. काहींचे हात अजून गळ्यात बांधलेले होते. शेवटी वस्तीने ठरवलं, नाही म्हणायचं काम आत्याच्या घराने करायचं. त्या घरचा माणूस सरकारी ऑफिसात. त्याला कोण हात लावतो?

मोठे साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले. एकेक घर खुशाल "हो" म्हणत गेलं. आत्याची पाळी आली तेव्हा सगळेच गालात हसत होते.

"आमचं नाही," ती म्हणाली.

"घरचा कर्ता कोण? त्याला बोलू दे."

"भाचा. तो काय, तुमच्या शेजारीच उभा आहे. सांग रे ढोल्या!"

मोठ्या साहेबांनी मान वळवली. मोजणीदाराने घसा साफ केला, पण आवाज ऑफिसातलाच निघाला.

"बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय."

कोणी हसेना. आत्याने त्याला पोटापासून कपाळापर्यंत निरखलं.

"होय साहेब. नजर अधू झालीय माझी."

"मग तुमच्या घराचं काय समजायचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"घर बंद आहे म्हणा. माणूस राहिला नाही."

बंद घराचा नकार धरत नाहीत.

मोजणी सुरू व्हायच्या आधी आत्या पाणी घेऊन आली. लहानपणी तो माठाला तोंड लावून प्यायचा आणि तिचा धपाटा खायचा. आज ताटलीत काचेचे पेले होते, पाहुण्यांसाठी राखलेले. एक तिने मोठ्या साहेबांपुढे धरला, दुसरा तितक्याच अदबीने त्याच्यापुढे.

"घ्या, साहेब."

"माणसं चांगली आहेत हो," मोठे साहेब म्हणाले.

मोजणीदाराने पेला घेतला आणि पाहुण्यासारखं अर्धंच पाणी पिऊन तो ताटलीत परत ठेवला.