तेहतिसाव्या पानावरचं काज

वाचनालयाने जुनी पुस्तकं काढायला घेतली, ‘हवी त्याने हवी तेवढी न्यावीत’ अशी पाटी दारात लावली, आणि टिल्लीची नात दोन पिशव्या ठासून भरून घरी आली.

टिल्ली म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेली, बासष्ट वर्षांची बाई. पण जिने लहानाचं मोठं केलं ती मावशी घरात असेपर्यंत तिचं ‘टिल्ली’ हे नाव काही सुटणार नव्हतं.

मावशी एक्क्याऐंशीची. सारी हयात शिवणकामात गेलेली. पाय मोडल्यापासून ती खिडकीशी खुर्चीत बसून असे. शेजारी झाकून ठेवलेलं शिलाई मशीन, आणि मांडीवर काहीच नाही. पूर्वी त्या मांडीवर पुस्तक नाही असं कधी होत नसे.

“मोठी आजी, बघ तरी काय काय आणलंय!” नातीने पलंगावर ढीग रचला. तेरा वर्षांची ही पोर स्वतः उशीएवढी जाड पुस्तकं वाचायची. त्यांत पंखवाले अजगर, शापित राज्यं आणि पंधराव्या वर्षी जग वाचवणाऱ्या मुली असत. मोठ्या आजीसाठी मात्र तिने निवडून आणल्या होत्या हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या आणि पऱ्यांच्या जुन्या गोष्टी नव्याने सांगणारी पुस्तकं. “ह्यातली राजकन्या शंभर वर्षं झोपते, आपली आपणच उठते, आणि राजपुत्राला म्हणते, आधी पाय पूस, मग आत ये!”

मावशी हसली. पुस्तक घेतलं, थेट तेहतिसावं पान काढलं, आणि हसू मावळलं.

“वाचलंय.”

दुसरं उघडलं. “हेही वाचलंय.” पाचवं झाल्यावर तिने चष्मा काढून ठेवला. “ने बाई परत. सगळी वाचलीत, आणि एकाचंही अक्षर आठवत नाही. चाळणीत पाणी कशाला ओतायचं?”

“पण वाचलंय हे कशावरून?”

मावशीने पान पुढे केलं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीची आडवी रेघ, दोन्ही टोकांना एकेक छोटी उभी रेघ. शिंपी कापडावर काजाची जागा दाखवायला खडूने काढतात तशी.

“त्या वेळी सगळ्या कादंबऱ्यांची नावं सारखी, चित्रं सारखी. कुठली वाचली, कुठली राहिली, कळायचं कसं? म्हणून वाचणारी प्रत्येक बाई एका ठरल्या पानावर आपली खूण करायची. कुणाची चांदणी, कुणाचा मासा. माझं काज.” तिने पुस्तक मिटलं. “मग तिशीच्या आसपास सुरू झालं. छानसं पुस्तक हातात घ्यावं, तर आत माझीच खूण, आणि गोष्ट अगदी कोरी. हादरलेच. तोवर गिऱ्हाइकांची मापं मला तोंडपाठ असायची. मग भीतीने वहीत उतरवायला लागले. शिंप्याच्या दुकानातल्या मास्तरांनी कापड कापायच्या टेबलावर बोलावलं, बढतीच ती, तर नको म्हटलं. विसरभोळीच्या हाती कात्री द्यायची म्हणजे काय!”

टिल्ली कपड्यांच्या घड्या घालत होती ती थबकली. मावशीने कटाईचं काम नाकारलं हे तिला ठाऊक होतं. कारण आज कळत होतं.

“मग हे?” नातीने हिरव्या पुठ्ठ्याचं, पाठ फाटलेलं पुस्तक वर धरलं. त्यातही तेहतिसाव्या पानावर काज होतं.

“ते आठवतंय की! टोप्यांच्या दुकानातली मुलगी आणि दीपगृहाचा राखणदार. एकशे बाराव्या पानावर तिचं पत्र भिजतं, आणि हा मेला ते वाळवायचं सोडून रुसून बसतो.”

नातीने पानं उलटली. एकशे बारा. पत्र भिजलं होतं. “मोठी आजी! तुला तर पानासकट पाठ आहे!”

“एखादं राहतं, एखादं जातं.”

टिल्ली पलंगाच्या कडेला टेकली. हिरवं पुस्तक घेऊन तिने खुणेच्या जागी पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं. कागद गुळगुळीत. मावशीचा हात हलका. तिच्या खडूच्या रेघा झटकल्या की जायच्या. मग राजकन्येचं पुस्तक घेतलं. बोटाला उंचवटा लागला. आठ-नऊ वर्षांची मुलं पेन्सिल अशी दाबतात की पाठच्या पानावरही गिरवता यावं. छत्तीस वर्षं तसल्या वह्या तपासलेल्या बोटाला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

तिने उरलेली चारही पुस्तकं पाहिली. चारही उंचवटे.

आणि तिला फरशीचा गारवा आठवला. शनिवारी दुकान सुटलं की मावशी तिला वाचनालयात न्यायची. मावशी वरचे कप्पे धुंडाळी, ही खाली बसे, शेवटच्या कप्प्यापाशी, मावशीच्या पिशवीतला पेन्सिलीचा तुकडा घेऊन. दुकानात ज्या कापडावर आपली खूण, ते आपलं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम तिला पक्का ठाऊक. मग सुंदर सुंदर चित्रांची पुस्तकं दुसऱ्या बायकांनी नेऊ नयेत म्हणून तिने ती मावशीसाठी राखून ठेवली होती. तेहतिसावं पान काढून, जीभ बाहेर काढून, प्रत्येकात एक काज. पुढच्या शनिवारी मावशी नेमकं त्यातलं एक उचलायची, आत बघायची, आणि पटकन परत ठेवायची. आपली निवड आवडली नाही असं वाटून टिल्ली घरी जाईपर्यंत फुगलेली असायची. पुढे सगळं विसरली.

आता गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण चूक झाली की उभं राहून सांगायचं, हे ती वर्गाला एवढ्या वेळा बजावत आली होती की पाय आपोआप उभे राहिले.

“मावशी, ही काजं माझी आहेत.” आणि तिने सगळं सांगितलं, फरशीसकट.

मावशीने खुर्चीतून तिच्याकडे मान वळवली.

“किती पुस्तकांत?”

“खालचा अख्खा कप्पा.”

“कार्टे! पन्नास वर्षं मी माझ्या डोक्याला बोल लावतेय!”

“हो.”

“ते कापायचं टेबल...”

“हो, मावशी.”

मावशीने झाकलेल्या मशीनवर हात ठेवला. मग राजकन्येचं पुस्तक ओढून घेतलं, तेहतिसावं पान उजेडाकडे धरलं आणि निरखून पाहिलं.

“काज काढायला तुला शिकवलं कुणी?”

“तुझं बघून काढायचे.”

“टोकं सारखी आलीत,” मावशी म्हणाली. “नऊ वर्षांच्या मानाने बरं आहे.” आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे नातीला कळेना. टिल्लीलाही नीटसं कळलं नाही.

मग तिने नाक पुसलं, चष्मा चढवला आणि पहिलं पान उघडलं.

“मोठी आजी, ह्यात ना, शेवटी ती चेटकीणच खरी...”

“गप्प बस!” मावशी कडाडली. “मी वाचलेलं नाहीये हे.”