फक्त स्टेशनापर्यंत

मी एक जुनी निळी मोटार आहे. वेल्समधल्या एका भंगारवाल्याच्या अंगणात उभी आहे आणि, मित्रांनो, मी फार रागावलेली आहे. गंजून संपले असते तर तक्रार नव्हती. मला अर्जातल्या एका चौकोनाने संपवले.

अकरा वर्षे मी ग्लेनिसची होते. ती शहरातल्या रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करायची. तिची पाळी सकाळी सातची आणि आमच्या टेकडीवरून पहिली बस आठची. म्हणून रोज पहाटे मी तिला चार मैल खाली स्टेशनावर नेत असे. पुढे ती आगगाडीने जाई, मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी. कडाक्याच्या थंडीतही मी पहिल्या झटक्याला सुरू झाले, की ती टपावर थोपटून म्हणे, "शाब्बास गं पोरी."

माझ्या विम्याचा अर्ज दरवर्षी तिचा नवरा इद्रिस भरी. अर्जात प्रश्न असे, गाडी कशासाठी वापरता? पहिला चौकोन घरगुती कामे आणि फिरण्याचा. दुसऱ्यात तेच, शिवाय कामावर जाणे-येणे. इद्रिस पहिल्यावर खूण करून मोकळा होई. एकदा ग्लेनिसने विचारले, दुसरा नको का?

"तू गाडीने कुठे जातेस कामावर? फक्त स्टेशनापर्यंत जातेस," तो म्हणाला. "कामावर तुला रेल्वे नेते. तिचा विमा पण मीच काढू का?"

दोघेही हसले. खिडकीखाली उभी राहून मी ऐकत होते. विम्याच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिले होते, की गाडी स्टेशनावर लावून पुढे कामाला जाणे, हेही कामावर जाणेच. ती पुस्तिका माझ्याच कप्प्यात पेपरमिंटच्या पुडीखाली पडलेली. माझ्या पोटात उत्तर होते आणि मला तोंड नव्हते.

या जानेवारीत स्टेशनाच्या उतारावर बर्फाचा पातळ थर होता. मी घसरले आणि दगडी भिंतीवर आदळले. ग्लेनिसला खरचटलेसुद्धा नाही, तेवढे मी सांभाळले. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर अगदी गोड आवाजात विचारले, कुठे निघाला होतात? ती म्हणाली, "कामावर."

आठवड्याने पत्र आले. असा वापर तुमच्या विम्यात बसत नाही, दुरुस्तीचा खर्च मिळणार नाही. तो खर्च त्या दोघांना झेपणारा नव्हता, म्हणून मी भंगारात आले. इतक्या वर्षांत या लोकांनी एकदाही विचारले नव्हते, की बाई रोज कुठे जाते. विचारले ते मी भिंतीला भिडल्यावर! सातला पोचणे जमेना, तेव्हा ग्लेनिसची पाळी दुसऱ्या बाईला मिळाली.

काल ती दोघे माझा कप्पा रिकामा करायला आली. ग्लेनिस माझ्या आसनावर बसली आणि फोनवर तोच अर्ज पुन्हा भरला. तेच नाव, तोच पत्ता, मीच गाडी. बदलला फक्त एक चौकोन.

"किती जास्त पडले असते?" इद्रिसने हळूच विचारले.

"काहीच नाही. हप्त्याचा आकडा हललासुद्धा नाही."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. ती म्हणाली, "तू हसलास आणि मी पुन्हा विचारलं नाही." मग तिने माझ्या टपावर हात ठेवला. थोपटले मात्र नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा अर्ज भरला जात असेल, तर जवळ जाऊन उभे राहा. आई रोज गाडी घेऊन कुठे जाते ते मोठ्याने सांगा, फक्त स्टेशनापर्यंत जात असली तरीही. मोठी माणसे हसतील. तुम्ही पुन्हा विचारा.