निरोगी गटातली थुंकी

मी थुंकीची नळी बोलतेय. नाक मुरडू नका. आजकाल पीएचडी आमच्यातूनच निघते. विभावरीची झोपही माझ्यामुळेच उडाली.

सिकलसेल हा रक्ताचा आजार एका मुलाला जास्त छळतो, दुसऱ्याला कमी, ते का, हे विभावरी जनुकांत शोधते. आजारी मुलांचे नमुने दवाखान्यातून मिळतात. पण तुलनेला निरोगी मुलं कोण देणार? मग जबलपूरचे संशोधक आपापल्या घरचीच धरून आणतात. आमच्या पेटीत सगळे भाचे, पुतण्या आणि शेजारचा गोलू आहे. प्रबंधात त्यांना ‘सर्वसामान्य लोकसंख्या’ म्हणतात.

मी विभावरीच्या चेरीतालच्या घरी भरले, सकाळच्या घाईत. "रेवा बेटा, या रेषेपर्यंत थुंक. मम्मीला उशीर होऊन राहिला," असं पाच वर्षांच्या लेकीला सांगून विभावरी स्कूटीची चावी शोधायला गेली. परतली तेव्हा मी भरलेली. जराशी पांढुरकी होते. फेस असेल, म्हणाली.

पुढे मशीनने माझ्यातला डीएनए वाचला, आणि कॉम्प्युटरने कळवलं: यातला बराचसा माणसाचा नाही.

विभावरीने स्क्रीन पुन्हा वाचली. पोरीला कसला संसर्ग? की आणखी काही? तिचे गाइड, दिवाकर सर, मात्र खुर्चीतून उठलेच. "अरे विभावरीजी, घबरा क्यों रही हो? छापायचा पेपर आहे हा, पेपर! मुलीला अजून एकदा थुंकवा."

मग तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. दुसरा चालवला. बंगळूरच्या तज्ज्ञांना मेल केली. रेवाचा ताप मोजत राहिली, तो नव्हताच. आपण आई म्हणून कमी पडलो की संशोधक म्हणून, हे तिला ठरवता येईना. दोन्हीकडे पुरावा भरपूर होता.

शेवटी मला पर्समध्ये घालून घरी आली आणि स्वयंपाकघरातच रडायला लागली.

"काहून रडून राहिली?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, रेवाच्या थुंकीत भलतंच काही निघालं."

"मग रेवाला विचारलं का?"

जनुकं वाचायचं शिक्षण विभावरीने घेतलं होतं. ज्याची जनुकं, त्याच्याशी बोलायचा पेपर अभ्यासक्रमात नव्हता.

आता मी फेकली जाईन की परिषदेत मिरवेन, कोण जाणे. संशोधकांनो, आम्हाला खुशाल वाचा. पण आमच्यात थुंकणाऱ्याला तोंडही असतं, तेवढं विसरू नका.

विभावरीने मला रेवासमोर धरलं. "बेटा, खरं सांग, मी रागावणार नाही. यात तू काय केलं होतं?"

"तू बोलली नळी भर. आजी बोलली दूध संपव. मी दोन्ही करून टाकलं."