सगळेच निवडून आले

आमच्या इमारतीत सेक्रेटरीची निवडणूक झाली आणि दोन्ही उमेदवार शंभर टक्के मतांनी निवडून आले. हा पराक्रम माझा.

उभे दोघंच होते. एक तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, जे जिन्यात भेटले तरी आधी आपल्या तोंडात बघतात. दुसरे माझे सासरे. त्यांनी सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात घालवली. निम्मं शहर त्यांना टरकून असायचं. निवृत्त झाले आणि टरकायला घरात सासूबाई आणि मी, दोघीच उरलो, त्यातली मी टरकत नाही. मग ते फ्रीजचं दार कोण किती वेळ उघडं ठेवतं ते बघायला लागले. पंप, लिफ्ट, पार्किंगमधले दिवे, सगळीकडे नाक खुपसून झालं, पण त्यांना विचारत कुणी नव्हतं. हे त्यांना फार लागलं होतं. "सेक्रेटरी झालो की निदान कुणीतरी विचारेल," असं एकदा चहा पिताना बोलून गेले आणि नाही म्हटलं तरी माझ्या पोटात तुटलं.

म्हणून मतदानाचं पान करून द्यायला मी हो म्हटलं. खरं तर हो त्यांनीच म्हटलं होतं, भर मीटिंगमध्ये, मला न विचारता. "माझी सून करेल. दिवसभर तेच तर करते ती." घरटी दोन मतं. मोबाईलवर पान उघडायचं, घराचा नंबर टाकायचा, उमेदवाराच्या नावावर बोट ठेवायचं, बटण दाबायचं, खाली लगेच निकाल. माझ्या हातचा मळ.

आता थोडं धंद्याचं सांगते, जांभया देऊ नका. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात एक कप्पा असतो. पानाला त्यात काहीबाही ठेवता येतं आणि मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला तरी ते तिथेच राहतं. पण तो कप्पा त्या एका मोबाईलचा. शेजारच्या मोबाईलला त्यातलं काही दिसत नाही. सगळ्यांची मतं एकत्र करायची तर ती नेटवरून सर्व्हरला पाठवावी लागतात. दोन्ही सोयी ब्राउझरमध्ये आयत्या मिळतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. मी आधी कप्प्याचं लिहिलं, माझ्या मोबाईलवर करून बघितलं, झकास चाललं. पाठवण्याच्या जागी स्वतःसाठी एक शेरा टाकला: "इथून सर्व्हरला पाठवायचं. उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. ऑफिसात सगळं पेटलं होतं, म्हणजे नेहमीसारखंच. मी त्यात अडकले आणि इकडे सासऱ्यांनी पानाची लिंक परस्पर इमारतीच्या ग्रुपवर टाकून दिली.

झालं. प्रत्येकाने मत दिलं, ते ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये पडून राहिलं आणि खालच्या निकालाने तेवढं एकच मत मोजून इमानेइतबारे सांगितलं: तुमचा उमेदवार, शंभर टक्के. सासऱ्यांनी स्वतःला मत दिलं, आकडा बघितला आणि मान डोलावली. त्यांना शंकासुद्धा आली नाही. तिकडे डॉक्टरांनाही आली नाही. उमेदवार नावाच्या जातीला असल्या शंका येतच नाहीत. सगळी इमारत त्या दिवशी भलतीच खुशीत होती. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघून दयेने हसत होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा. सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले, हातात केक. समोरून डॉक्टर आले, त्यांच्याही हातात केक. दातांच्या डॉक्टरने गोड वाटणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकांची सोयच.

"या, तोंड गोड करा," सासरे म्हणाले. "हरल्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"मी कशाला हरतो? हे बघा," म्हणत डॉक्टरांनी मोबाईल पुढे केला. सासऱ्यांनी आपला पुढे केला. मग सगळ्यांनीच आपापले काढले आणि जो गलका उठला तो विचारू नका. आणि मग, एकाएकी, सगळे माझ्याकडे वळले.

मी एका स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवून सर्व्हरचा तक्ता उघडला. तक्ता कोरा करकरीत. माझ्या पाचावर धारण बसली. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते.

"मतं गेली?" सासऱ्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"गेली नाहीत, बाबा. निघालीच नाहीत. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्येच आहेत."

"मग हात वर करून मतं घ्या ना परत," कुणीतरी म्हणालं. पण ते दोघांनाही मान्य नव्हतं. दिलेली मतंच मोजा, असा दोघांचा हट्ट, कारण जिंकल्याची खात्री दोघांनाही होती.

मग सगळी इमारत मानगुटीवर घेऊन मी राहिलेलं काम केलं. पान उघडलं की कप्प्यात बघायचं, मत असेल तर सर्व्हरला पाठवायचं, आणि सर्व्हरने पोचलं म्हटल्यावरच तसं दाखवायचं. "आता एकेकाने पान परत उघडा," मी म्हटलं. कोणी कुणाला दिलं ते झाकलेलं होतं. कुठल्या घराची मतं आली आणि बेरीज किती, एवढंच मला दिसत होतं. वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या गृहस्थांचा कप्पा रिकामा निघाला. त्यांनी पान सवयीने ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडलं होतं आणि तिथलं सगळं खिडकी मिटली की पुसलं जातं. "कसली सवय हो?" असं त्यांना कुणीतरी विचारलंच. कानापर्यंत लाल होत त्यांनी पुन्हा मत दिलं.

बेरीज वाढत होती. सासरे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी दोघांची मतं अगदी सारखी झाली आणि एकच मत यायचं राहिलं. आमच्याच घरचं.

"आई, तुमचं राहिलंय," मी म्हटलं.

सासऱ्यांनी कॉलर नीट केली. "हं, उघड बरं पटकन."

सासूबाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "मी नाही उघडत."

"अगं, रेंज नाही का?"

"रेंज आहे."

सासरे त्यांना खांबाआड घेऊन गेले. खांबाला लागूनच माझ्या लॅपटॉपची स्कूटर होती, म्हणजे कान बंद करण्याची सोय नव्हती.

"एका मतावर अडलंय, कळतंय का तुला?"

"कळतंय म्हणूनच नाही उघडत. सगळ्यांसमोर कशाला?"

मीटरमधली चोरी दारातून ओळखणारा माणूस, पण हे ओळखायला त्यांना वेळ लागला.

"मला नाही दिलंस?"

"नाही दिलं." सासूबाईंनी पर्स काखेत घट्ट धरली. "तुम्ही रिटायर व्हायची वाट बघत होते मी. या वयात गाडी शिकले, लायसन काढलं. एकदा तरी बाजूला बसलात? आज पंप, उद्या लिफ्ट. लोक विचारत नाहीत म्हणून झुरता. मी रोज विचारते, येता का, तर ते ऐकूच येत नाही. सेक्रेटरी झालात की मग संपलंच."

सासऱ्यांकडे बघवेना, म्हणून मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"आलं का शेवटचं?" डॉक्टरांनी लांबून ओरडून विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासरेच पुढे झाले. "आलं," ते म्हणाले. "तुम्हाला मिळालं. अभिनंदन."

टाळ्या पडल्या. माझ्या स्क्रीनवर मतं अजून सारखीच होती. मी लॅपटॉप खाडकन मिटला.

"चावी आहे का जवळ?" सासरे सासूबाईंना विचारत होते.

गाडी सुरू झाली आणि गचका खाऊन बंद पडली. परत सुरू झाली, परत बंद. शेजारच्या सीटवर सासऱ्यांनी तोंड उघडलेलं मला काचेतून दिसलं. मग त्यांनी ते मिटून घेतलं आणि पट्टा लावला.